गणंग

काकांपुढे परातीत मोड आलेले वाल, कोमट पाण्यात. मी लॅपटॉप मिटला आणि सोलायला बसले.

"अप्रेझल?"

"हो. टीममध्ये आठजण. एकाला तरी खालचं रेटिंग द्यायचंच. बेल कर्व्हमध्ये बसवायचं म्हणतात."

"आणि खालचा कुणी नसेल तर?"

"तरीही."

काकांनी चिमटीत एक टणक दाणा धरला. "हा गणंग. भिजत नाही, शिजत नाही. सापडला की काढायचा. पण मुठीमागे एक गणंग निघालाच पाहिजे, म्हणून चांगला दाणा फेकायचा? हे कसलं निवडणं!"

"जॅक वेल्चनं जनरल इलेक्ट्रिकमध्ये हेच केलं. वरचे २० टक्के, मधले ७०, खालच्या १० टक्क्यांना नारळ. मायक्रोसॉफ्टनं मात्र २०१३ मध्ये ही सक्ती सोडली."

"मग तुम्ही का धरून बसलात?"

"पगारवाढीचा पैसा ठरलेला असतो, काका. सगळ्यांना सारखा वाटला, तर रात्र रात्र जागून रिलीज सांभाळणारी म्हणेल, मीच का मरमर करू?"

"तिचं चूक नाही." डाळिंबी सुळकन सालीतून निसटली.

"आणि तुमच्या सरकारी खात्यातला तो सीआर? गोपनीय अहवाल!"

"देव दत्त म्हणून एक अभियंता होते, सीमा रस्ते सेवेत. बढतीसाठी पाच वर्षं 'अतिशय चांगला' शेरा हवा. एका वर्षी नुसता 'चांगला' मिळाला, आणि तो त्यांना कळवलाच नाही. बढती हुकली. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, प्रत्येक शेरा कळवा, चांगला असला तरी."

"म्हणजे 'चांगला' हाच वाईट."

"मीही असा शेरा लिहिलाय." काका परातीकडेच बघत होते. "शाखा अभियंता होता एक. कामाला वाघ, पण मला उलट बोलायचा. लिहिलं, 'वर्तणुकीत सुधारणा आवश्यक.'"

"त्याला सांगितलंत?"

"त्याचं टेबल माझ्या दारासमोर होतं. रोज नमस्कार करायचा. नाही सांगितलं."

थोडा वेळ नुसत्या सालींचा आवाज.

"तू कुणाला देणार?"

"सहा महिन्यांपूर्वी आलेल्या पोराला."

"काम कच्चं आहे?"

"नाही. तो भांडणार नाही."

"मग आजच फोन कर त्याला. तुझ्या तोंडून कळू दे."

"एचआरनं बजावलंय, पत्र हातात पडेपर्यंत बोलायचं नाही."

काका हसले; हसणं फारसं बरं नव्हतं. "म्हणजे गोपनीयच की गं!"