कात्रीच्या हातांचा पाहुणा

चित्रपट पाहून उठलेल्या मंडळींचीं मतें तंतोतंत जुळलीं, तर त्या चित्रपटाविषयीं फारसें बोलण्याचें कारण उरत नाहीं. ‘एडवर्ड सिझरहँड्स’ या अमेरिकन चित्रपटाची गोष्ट तशी नाहीं. तो प्रथम १९९० सालीं दाखविला गेला. आम्हीं तो परवां घरींच, लहानथोर सात-आठ मंडळी जमवून पाहिला, आणि त्यानंतर चहा दोनदां झाला तरी वाद मिटला नाहीं. तो वाद ऐकतां ऐकतां आमच्या मनांत जी एक शंका आली, ती वाचकांपुढें मांडावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

ज्यांनीं हा चित्रपट पाहिला नसेल त्यांच्याकरितां कथा थोडक्यांत सांगतों. डोंगरावरच्या पडक्या वाड्यांत एक वृद्ध संशोधक एक कृत्रिम माणूस घडवितो. त्याला तो रीतभात शिकवितो, कविता वाचून दाखवितो. फक्त खरे हात तेवढे बसवावयाचे राहतात, आणि ते त्याच्यापुढें धरलेले असतांनाच म्हाताऱ्याचा अंत होतो. (ही भूमिका करणारे व्हिन्सेंट प्राइस १९९३ सालीं वारले. भयपटांचा नट म्हणून जगभर नांव झालेल्या या माणसाच्या वाट्याला उतारवयांत इतकी वत्सल भूमिका यावी, याचें आम्हांस कौतुक वाटलें.) हातांच्या जागीं लांबच लांब कात्र्या असलेला एडवर्ड त्या वाड्यांत एकटाच उरतो. पुढें घरोघर सौंदर्यप्रसाधनें विकत हिंडणारी पेग नांवाची गृहिणी, खालच्या वस्तींत कोणी कांहींच घेतलें नाहीं म्हणून, वाड्यापर्यंत चढून येते. कोपऱ्यांतला हा जीव पाहून ती प्रथम घाबरते. पण त्याच्या चेहऱ्यावर त्याच्याच पात्यांनीं झालेले व्रण दिसतांच तिचें भय मावळतें आणि ती त्याला आपल्या घरीं घेऊन येते. वस्ती त्याला आधीं डोक्यावर घेते, मग त्याच्यावर उठते, आणि अखेरीस त्याला पुन्हां डोंगरावर पिटाळते. दिग्दर्शक टिम बर्टन यांचें बालपण कॅलिफोर्नियांतील बरबँक गांवीं गेलें. असल्या हातांच्या माणसाचें एक चित्र त्यांनीं कुमारवयांतच काढलें होतें, आणि कथेचें बीज तेंच. पटकथा कॅरोलिन थॉम्पसन यांची.

आतां मतांकडे वळूं. आमच्या घरांतील तरुण मंडळींचा निकाल एका वाक्यांत लागला होता: दोष सगळा वस्तीचा, जो आपल्यासारखा नाहीं त्याला समाज जगूं देत नाहीं, हेंच खरें. एक सेवानिवृत्त शिक्षक स्नेही या निकालावर चिडले. त्यांचें म्हणणें असें कीं, हातीं पातीं असलेल्या माणसापासून मुलांना दूर ठेवणारी आई दुष्ट कशी? शिवाय कथेच्या शेवटीं एडवर्डच्या हातून एका तरुणाचा जीवही जातो. तो तरुण कितीहि नीच असला तरी ती हत्याच. घरांतील वडील बाईंचा प्रश्न अगदीं व्यवहाराचा होता: “एवढ्या दिवसांत त्याला एका चांगल्या शस्त्रवैद्याकडे कोणीच कसें नेलें नाहीं?” आणखी एका गृहस्थांस सगळाच प्रकार साखरेच्या पाकांत घोळलेला वाटला. त्यांच्या बाजूस मोठा माणूस आहे. अमेरिकेचे नामांकित समीक्षक रॉजर इबर्ट यांनींहि या चित्रपटाला चारपैकीं दोनच तारे दिले होते.

तरुणांचें मत ऐकावयास गोड असलें तरी तें पुरतें खरें नाहीं. ही वस्ती प्रथमपासून क्रूर नाहीं. उलट, पाहुणा आला हें कळतांच सगळ्या बायका पेगच्या घरीं लोटतात, त्याच्यासाठीं अंगणांत मेजवानी होते, जो तो ‘माझ्या ओळखीचा एक डॉक्टर आहे’ म्हणून सांगतो. (वडील बाईंच्या प्रश्नाला उत्तर आहे तें एवढेंच: ओळखीचे डॉक्टर सगळ्यांचे, नेणारा कोणी नाहीं.) एडवर्ड झुडपें कातरून त्यांतून प्राणी उभे करतो, कुत्र्यांचे केस कापतो, मग बायकांचेच कापूं लागतो. त्याबद्दल कोणी त्याला पैसे देत नाहीं; परंतु आम्हांस वाटतें कीं, त्या वस्तींत राहण्याचें भाडेंच तो रोज चुकवीत होता. एका प्रसंगीं दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांत प्रेक्षकांतली एक बाई त्याला म्हणते कीं, शस्त्रक्रिया करून हात मिळाले तर तूं चारचौघांसारखाच होशील. तिच्या मतें हें संकट. त्याला मात्र तेंच हवें आहे, हें त्याच्या चेहऱ्यावरून आंधळ्यालाहि दिसावें. एखाद्याचें व्यंग हेंच त्याचें भूषण ठरवून टाकलें, म्हणजे त्या व्यंगाचें दुःख करण्याचा अधिकारहि त्याच्याकडून काढून घेतला जातो. आणि हें करणारे लोक स्वतःस उदार समजतात.

येथें आम्हांस अष्टावक्राची आठवण झाली. आठ ठिकाणीं वांकलेलें त्याचें शरीर पाहून जनकाची सभा हंसली, तेव्हां कातड्याची पारख करणारे हे चांभारच दिसतात, असें त्यानें त्या पंडितांस सुनावलें, अशी कथा आपल्याकडे सांगतात. अष्टावक्राला जीभ होती, विद्या होती, वादांत जिंकण्याचें सामर्थ्य होतें. एडवर्ड चित्रपटभर मोजके शब्द बोलतो. तेव्हां आमचा जुना नायक आपली किंमत सभेकडून वसूल करून घेऊं शकतो; हा बिचारा सभा जी ठरवील ती किंमत घेऊन उभा राहतो.

शिक्षक स्नेह्यांच्या म्हणण्यांत अधिक तथ्य आहे, आणि तें आम्हांस सहजासहजीं टाळतां येत नाहीं. पेगचा लहान मुलगा केव्हिन भरधांव गाडीखालीं सांपडणार, तोंच एडवर्ड त्याला ढकलून वांचवितो. आणि त्याला कोठें लागलें काय हें पाहण्यासाठीं मायेनें हात लावतो, तों पात्यांनीं मुलाचा चेहरा कापतो. पाहणाऱ्यांस वाटतें, हा मुलाला मारतो आहे. त्यांस डोळ्यांसमोर जें दिसलें तें खोटें नव्हतें. रक्त खरें होतें. ज्याची माया आणि ज्याची इजा एकाच हातानें होते, त्याच्याजवळ मूल सोडावें काय, या प्रश्नाला ‘समाज दुष्ट आहे’ हें उत्तर नव्हे. तथापि एक गोष्ट आमचे स्नेही विसरले. वस्तीचें मन फिरलें तें रक्त पाहून नव्हे. त्याआधींच एका शेजारणीनें त्याला एकांतांत गांठून गळ्यांत पडण्याचा प्रयत्न केला, तो बावरून पळाला, आणि मग तिनेंच उलट कंडी पिकविली. त्याआधींच पेगच्या मुलीच्या मित्रानें, जिमनें, आपल्याच बापाच्या घरीं चोरी करावयास त्याला कुलूप उघडण्यासाठीं नेलें आणि धोक्याची घंटा वाजतांच आंत कोंडून सोडलें. केव्हिनच्या गालावरचें रक्त हा पुरावा मागाहून आला. निकाल आधींच लिहून ठेवलेला होता.

त्या चोरीनंतर जेवणाच्या टेबलावर जो प्रसंग घडतो, तो आमच्या मतें सबंध चित्रपटाचा गाभा आहे. पेगचा नवरा बिल हा सज्जन माणूस. एडवर्डला नीति शिकवावी म्हणून तो त्याला विचारतो: रस्त्यांत पैशांनीं भरलेली पेटी सांपडली, तर ती आपण ठेवावी, त्यांतून आपल्या माणसांना भेटी घ्याव्या, गरिबांना वाटावी, कीं पोलिसांकडे द्यावी? एडवर्ड म्हणतो, आपल्या माणसांना भेटी घ्याव्या. सगळे हळहळतात, पेगची मुलगी किम तेवढी म्हणते कीं, हेंच अधिक चांगलें, मीहि हेंच केलें असतें. बिल तिला गप्प करतो. येथें प्रश्न योग्य-अयोग्याचा आहे, चांगुलपणाचा नाहीं. मौज अशी कीं, चोरीच्या रात्रीं एडवर्डनें मार्ग धरला तो हाच. घर कोणाचें हें त्याला ठाऊक होतें. किमनें सांगितलें म्हणून तो गेला, आणि तिचें नांव येऊं नये म्हणून त्यानें तोंड उघडलें नाहीं. बिलची नीति बरोबर आहे, यांत शंका नाहीं. पण तिचा आश्रय घेऊन त्या घरांतल्या दुसऱ्या कोणालाच कांहीं सोसावें लागलें नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

मात्र आमच्या घरच्या वादांत जिचें नांव कोणींच घेतलें नाहीं, ती पेग. आणि आमची शंका तिच्याविषयींच आहे. ती सर्वांत दयाळू, म्हणून सर्वांनीं तिला वादाबाहेर ठेवलें. परंतु नाताळच्या दिवसांत, किमचा हात कापल्यावरून हांकलला गेलेला एडवर्ड बाहेर कोठें तरी भटकत असतांना, हीच पेग किमला म्हणते कीं, त्याला खालीं आणतांना आपण त्याचें, आपलें, वस्तीचें काय होईल याचा विचारच केला नाहीं. तो परत वर गेला तर बरें, तेथें तो सुरक्षित राहील आणि आपलेंहि सगळें पूर्ववत् होईल. हें ती रागानें बोलत नाहीं. आवाज तोच, माया तीच. केव्हिनचा अपघात अजून व्हावयाचा आहे. म्हणजे जमावानें त्याला डोंगरावर पिटाळण्यापूर्वींच घरच्या माउलीनें मनांतल्या मनांत त्याची पाठवणी केलेली होती, आणि तीहि त्याच्याच हिताच्या भाषेंत.

यावर आम्ही पेगला दोष देऊन मोकळे झालों असतों. पण आपल्याकडील एक जुनी रीत आठवली. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असत: सोमवारीं या घरीं, मंगळवारीं त्या घरीं. आमच्या आजोबांच्या घरीं मंगळवार होता. लहानपणीं आम्हांस ही कंजूषी वाटे. एकच दिवस कां? पुढें उमगलें कीं, एका घरची दया आटली तरी मूल उपाशी राहूं नये, अशी ही सोय होती. पेगनें सातहि वार एकटीनें अंगावर घेतले. बाकीची वस्ती केस कापून घ्यावयास येत होती.

आणि दोष देण्यापूर्वीं आमचेंहि सांगितलें पाहिजे. बावीस वर्षांपूर्वीं आम्हीं दूरच्या गांवचा एक मुलगा शिक्षणासाठीं घरीं ठेवून घेतला होता. विजेच्या उपकरणांत त्याचा हात असा चाले कीं, आळींतले सगळे बिघडलेले पंखे आणि इस्त्र्या त्याच्या पुढ्यांत येऊन पडत, आणि त्याची वाहवा ऐकून आमची छाती फुगे. एके दिवशीं त्यानें दुरुस्त केलेल्या पंख्यांतून शेजारीं ठिणगी उडाली, पडदा जळाला. इजा कोणालाच झाली नाहीं. पण आळी बोलूं लागली. आम्हीं त्याची एका वसतिगृहांत सोय केली, सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले, आणि ‘तेथें तुझा अभ्यास नीट होईल’ असें त्याला सांगितलें. तें खोटेंहि नव्हतें. वसतिगृह आमच्या घरापासून पाऊण तासाच्या वाटेवर होतें. आम्ही एकदांहि गेलों नाहीं.

चित्रपटाच्या अखेरीस किम खालीं जमलेल्या वस्तीला सांगते कीं, एडवर्ड मेला. पुरावा म्हणून कात्रीचा एक सुटा हात दाखविते. लोक निमूटपणें घरोघर जातात. पुढें तीच किम म्हातारी होऊन नातीला सांगते कीं, पूर्वीं या गांवांत बर्फ पडत नसे. तो वर बर्फाच्या मूर्ति कोरतो, म्हणून हल्लीं पडतें. चहाचे पेले उचलतां उचलतां आमच्या दहा वर्षांच्या भाचीनें विचारलें, “पण किमनें आपल्या आईला तरी खरें सांगितलें असेल ना?” चित्रपटांत तें कोठें नाहीं, असें आम्हीं म्हटलें. ती थोडा वेळ गप्प राहिली, आणि मग म्हणाली, “सांगितलें असतें, तर ती गेली असती का वर?”