चौदा दिवसांची जमीन

"म्हणजे वहिनी, पैसे मोजून ऊसतोडीला गेल्यासारखंच की हे!" आमचे भाऊजी बोलून गेले. सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या शेती खात्यात त्यांची हयात गेली. उसाच्या फडाशेजारच्या कोप्या त्यांनी आत वाकून पाहिलेल्या आहेत. कोलोरॅडोतल्या आमच्या घरासमोर पिकअप उभी होती, तिच्या पाठीवर पॉप-अप कॅम्पर. त्यांनी त्याला प्रदक्षिणा घातली आणि हा निकाल दिला. किंमत ऐकल्यावर तोच पुन्हा दिला.

मला राग आला आणि नवल म्हणजे तो टिकला. नुसता टोमणा असता तर रात्रीच्या जेवणाबरोबर जिरला असता.

कमीत कमी वस्तूंत जगण्याचे उपदेश आणि गाडीत संसार थाटलेल्या तरुण जोडप्यांच्या चित्रफिती वाचकांनी पोटभर पाहिल्या आहेत. त्यात मी भर घालत नाही. आमचा कॅम्पर चालतो कसा, एवढंच सांगते. बाहेरून छपराचे खटके सोडायचे, आत वाकून शिरायचं, पुढच्या घडीच्या फळीला जोर लावून छप्पर वर ढकलायचं, मग मागच्या. फळ्या सरळ होतात, कापडी भिंती ताणल्या जातात आणि आपण ताठ उभे राहतो. पलंग ड्रायव्हरच्या केबिनवर. छप्पर उतरवताना दार किंचित उघडं लागतं, नाहीतर कोंडलेली हवा त्याला खाली बसू देत नाही. कापड आत ओढून घ्यावं लागतं, नाहीतर ते कडेला चेंगरतं. हे दोन नियम सोडले तर यात अवघड काही नाही.

अवघड आहे तो हिशेब. भेटेल त्याला मी हे ऐकवत असते: घरात आपण जागा मोजतो, इथे भार मोजावा लागतो. मुंबई-पुण्यात वाढलेल्या माणसाला जागेची गणितं तोंडपाठ असतात. कार्पेट एरिया किती, माळा निघतो का, पलंगाखाली पेटी सरकते का. वस्तूला जागा मिळाली की तिचा विचार संपला. माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ वीस वर्षं काही खायला मागत नाही. ट्रकवर मात्र प्रत्येक वस्तू मैलामैलाला पेट्रोल मागते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतं: माणसं आणि सामान मिळून इतक्या किलोंच्या वर जाऊ नये. मध्यम आकाराच्या पिकअपला हा आकडा साधारण ५०० ते ७०० असतो. शेगडी, फ्रीज, टाकी, हीटर बसवलेला कॅम्पर रिकामाच चारपाचशे किलो खाऊन बसतो. उरल्यात नवरा, बायको, पाणी, तांदूळ. गॅरेजवाला म्हणतो, मागे जादा पाटे टाकून देतो. त्यानं गाडीची बसलेली पाठ सरळ होते, पण स्टिकरवरचा आकडा बदलत नाही, कारण ब्रेक तेच आणि अ‍ॅक्सलही तोच.

म्हणून हायवेवरच्या ट्रक-स्टॉपवर 'कॅट स्केल'च्या काट्यावर भरलेली गाडी चढवायची. पुढच्या अ‍ॅक्सलवर किती, मागच्यावर किती, अशी पावती मिळते. भाऊजींना तो काटा दाखवला तेव्हा अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदा ते आपल्या मुलखात असल्यासारखे दिसले. पावती उलटसुलट पाहून त्यांनी विचारलं, "रिकाम्याचं वजन घेतलं होतं का?"

भार मोजायला लागलं की वस्तूंची पायरी बदलते. घरात अडगळ करणाऱ्या उशा आणि रजया इथे खुशाल याव्यात. दगडी खलबत्ता तळहाताएवढी जागा घेतो आणि तीन किलो भरतो, तो घरी. पाणी लिटरला किलो, त्यामुळे ७५ लिटरची टाकी भरली की एक जादा माणूस बसला. शिशाची शंभर अँपिअर-अवरची बॅटरी तीस किलोंच्या आसपास जाते आणि तिची निम्मीच वीज वापरावी. लिथियम आयर्न फॉस्फेटची तेवढीच बॅटरी बारा-तेरा किलोंत येते आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते. पारा शून्याखाली असताना मात्र ती चार्ज करायची नाही, आणि डोंगरात पारा नेमका पहाटे तिथेच असतो.

स्वयंपाकाबद्दल अमेरिकी माहितगार फारसं बोलत नाहीत, कारण ते सॉसेज भाजतात. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं. भाताची वाफ निराळी, दोन माणसांचे श्वास निराळे. थंडीत दार लावून डाळ-भात रांधला की पहाटे छपराच्या दांडीवरून थेंब थेट कपाळावर. हीटरचा धूर नळीनं बाहेर जातो, त्यामुळे त्याचं पाणी आत येत नाही, शेगडीचं येतं. म्हणून वरची खिडकी बर्फातही बोटभर उघडी. फोडणी आत घालायची नाही. हिंग कापडात मुरतो आणि अस्वलांच्या मुलखात आमंत्रणाचा वास नको. पिकअपचं मागचं फळकं ओट्यासारखं वापरता आलं असतं, पण कॅम्पर बसवताना ते काढूनच ठेवावं लागतं. मग घडीचं टेबल बाहेर मांडायचं. आणि कुकर हवाच. ९,००० फुटांवर पाणी ९१ अंशांच्या आसपास उकळतं, तूरडाळ तिथे उघड्या पातेल्यात ढिम्म हलत नाही. इथल्या सामानाच्या याद्यांत कुकरऐवजी बिडाचं जडशीळ भांडं असतं. ज्यांनी मला किलोकिलोचा हिशेब शिकवला त्यांनी हे भांडं डोक्यावर घ्यावं, याचं मला आजही कोडं आहे.

सामानाचा मोह थोरांनाही सुटलेला नाही. लेखक जॉन स्टाइनबेकनं १९६० मध्ये जीएमसीच्या पिकअपवर कॅम्पर बसवून घेतला, टणक भिंतींचा. त्याला डॉन किहोतेच्या घोड्याचं, रोसिनांतेचं नाव दिलं आणि चार्ली नावाच्या पूडलला घेऊन देश पाहायला निघाला. बरोबर हत्यारं, दारू आणि वाचायची राहून गेलेली ढीगभर पुस्तकं. ती गाडी आता कॅलिफोर्नियात, सलिनासच्या संग्रहालयात आहे. पन्नास वर्षांनी बिल स्टाइगरवॉल्ड या पत्रकारानं तोच रस्ता धरला, स्टाइनबेकच्या प्रवासवर्णनाशी तारखा ताडून पाहिल्या आणि दाखवून दिलं, की स्वारी बऱ्याच रात्री हॉटेल-मोटेलांत झोपली होती, आणि प्रवासात अनेक दिवस पत्नीही बरोबर होती. पुष्कळांना ही फसवणूक वाटली. मला त्यामुळे स्टाइनबेक जवळचा वाटला. अठ्ठावन्न वर्षांचा, तब्येत नरम असलेला माणूस गरम पाण्याच्या नळाकडे वळला, यात गुन्हा कसला? त्याचं अर्धं घर हॉटेलांत होतं. मग आमचं कुठे आहे, हा पुढचा प्रश्न भाऊजींनीच विचारला.

मी त्यांना आधी निवडीचं उत्तर दिलं होतं. ऊसतोड कामगार उचल घेऊन, ती फेडायला येतो. आम्ही मर्जीनं जातो. "तेच म्हटलं ना, पैसे मोजून," ते म्हणाले. मग मी स्वावलंबनाचं उत्तर काढलं. छतावर सौर पॅनेल आहे, पाणी आमचं, गॅस आमचा, कुणावर आमचा भार नाही. यावर त्यांनी शेती खात्यातल्या माणसाचे तीन प्रश्न टाकले. पाणी कुठं भरता? घाण कुठं टाकता? गाडी कुणाच्या रानात लावता?

पहिल्या दोहोंची उत्तरं देता देताच माझं स्वावलंबन ढासळायला लागलं. पाणी गावच्या पार्कातल्या नळावर. मैला डंप स्टेशनवर. अंघोळ नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर. दिवसभर पाऊस लागला तर सार्वजनिक वाचनालयात, तेही विनाशुल्क. आमचा कॅम्पर इतका लहान असू शकतो, कारण त्याची न्हाणी, दिवाणखाना आणि विहीर गावोगाव पसरलेली आहे. ती गावकऱ्यांच्या करांतून उभी राहिली. भार हलका झालेला नसतो. तो दुसऱ्याच्या खांद्यावर असतो. माझ्या लाडक्या हिशेबात हा रकाना नव्हता.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त मोठं. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, १९४६ साली स्थापन झालं. त्याच्याकडे साधारण साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे, महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त; वनखात्याची निराळी. १९७६ च्या कायद्यानं ठरवलं, की ही जमीन सर्वसाधारणपणे सरकारकडेच, सर्वांसाठी राहील. तिच्या बऱ्याच भागात गाडी लावा, चहा टाका, झोपा. भाडं नाही, नोंदणी नाही, नाव-गाव विचारायला कुणी येत नाही. सहसा एकच अट: २८ दिवसांत एका जागी १४ दिवस, मग उठायचं. चौदा दिवसांत माणूस चूल मांडतो, उंबरा घालत नाही. घातला असता तर पुढच्याला तिथे कुंपण दिसलं असतं. ती जमीन सगळ्यांची राहते ती त्या अटीमुळे, असं मी भाऊजींना जोरात सांगितलं.

सांगता सांगता वाटलं, की ही अट सुंदर दिसते ती पंधराव्या दिवशी परतायला घर असलेल्याला. ज्याला ते नाही, त्याचं सगळं आयुष्यच चौदा-चौदा दिवसांचं. अ‍ॅरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटजवळ बीएलएमनं लांबच्या मुक्कामासाठी खास पट्टे ठेवले आहेत, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल. तिथे कुणी उन्हासाठी येतं आणि कुणी पेन्शनीत घरभाडं बसत नाही म्हणून. जेसिका ब्रूडरनं २०१७ च्या 'नोमॅडलँड'मध्ये अशाच माणसांबद्दल लिहिलं. हीच माणसं ऑक्टोबरात उत्तरेला, नॉर्थ डकोटा-मिनेसोटाच्या रेड रिव्हर खोऱ्यात जातात, बीटच्या हंगामाला. बीट यंत्रं उपटतात. माणसं ढिगाऱ्यांवर ट्रक उतरवतात, नमुने काढतात, बारा-बारा तासांच्या पाळीत. राहायला स्वतःची गाडी, ती लावायची जागा हंगामापुरती मिळते. आणि त्या बीटची होते साखर.

हे ऐकून भाऊजी जिंकल्यासारखे हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "मुकादम असतो का?" आमच्याकडच्यासारखा उचल देऊन बांधून घेणारा नसतो, हे मी सांगितलं. ऊसतोड आणि हे, दोन्ही एक नाही, हे मी आजही धरून आहे. पण त्यांची तुलना माझ्या कॅम्परशी जुळत नसली तरी कॅम्परच्या शेजाऱ्याशी जुळते, हे मला नाकारता येईना.

मग फरक कशात आहे? वस्तूंत नाही. त्यांच्याकडे तीच शेगडी, तेच कापड, कपाळावर तेच थेंब. फरक बघणाऱ्याच्या डोळ्यात. ओरेगॉनच्या ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये निकाल दिला, की सार्वजनिक जागी झोपणाऱ्या बेघरांना शहरं दंड करू शकतात. आम्ही झोपलो की ते पर्यटन.

आणि ही मोकळी जमीन मोकळी झाली कशी, तेही सांगितलं पाहिजे. कोलोरॅडोतल्या बहुतेक यूट आदिवासींना १८८१ मध्ये यूटात हाकलण्यात आलं. आम्ही ज्या डोंगरांत गाडी लावतो ते त्यांचे.

भाऊजींनी यावर गायरानांचा विषय काढला. आमच्याकडेही सगळ्यांची जमीन होतीच की, ते म्हणाले, पण तिच्यावर भुकेल्याचा हक्क आधी. खरंच आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केले ते पडीक जमिनी कसायला मिळाव्यात म्हणून, शनिवार-रविवारी चहा टाकायला नव्हे. मोकळी जमीन मोकळीच राहावी, हे मी कोलोरॅडोत बेधडक म्हणते. मराठवाड्यात म्हणताना मला दहादा विचार करावा लागेल. तिथला भूमिहीन आणि इथला बेघर, दोघांनाही ती जमीन माझ्याआधी लागते. त्यामुळे कॅम्पर साध्या राहणीचा धडा देतो, हे म्हणणं मी सोडून दिलं आहे. तो एक चैनीचा डबा आहे, आवडीचा आहे, आणि राखण्यासारखी गोष्ट त्याच्या चाकांखाली आहे.

ती धोक्यातही आहे. २०२५ च्या जूनमध्ये यूटाचे सिनेटर माइक ली यांनी पश्चिमेकडच्या राज्यांतली लाखो एकर सार्वजनिक जमीन विकण्याची तरतूद मांडली. शिकारी, मासे धरणारे, कॅम्परवाले, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे लोक एकत्र आले आणि महिनाअखेर ती मागे घ्यावी लागली. तेव्हा मीही आमच्या सिनेटरांना पत्र लिहिलं. निसर्ग, पर्यटन, पुढच्या पिढ्या, सगळं रीतसर घातलं. शेवटी एक परिच्छेद, ज्यांना पत्ताच नाही अशांच्या मुक्कामाबद्दल. त्यानं पत्र भरकटलं, असं नवऱ्याचं मत आहे. मला वाटतं, तेवढाच परिच्छेद पाठवला असता तरी चाललं असतं.