वरचं पाणी

आमचा नाशिक जिल्हा पश्चिमेला डोंगर, पूर्वेला सपाटी. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, अन् येवल्याकडं ५०० पडला तरी लोक खूश. आम्ही निफाडवाले मधले. आमचा पाऊसही बेताचाच, पण वर १९१६ सालचं दारणेचं धरण, पुढं गंगापूर आलं. त्या पाण्यावर बापानं ऊस केला, मी द्राक्षबाग लावली.

२००५ साली पाण्याच्या समन्यायी वाटपाचा कायदा झाला. दुष्काळी साली आमच्या धरणांचं पाणी खाली जायकवाडीला सोडायचं म्हटलं की आम्ही चिडतो. असंच एका साली आम्ही रस्त्यावर बसलो. ‘हक्काचं पाणी’ म्हणून मीही घसा बसेपर्यंत ओरडलो.

संध्याकाळी मळ्यात आलो. टोळी डिपिंगचं काम उरकून चूल पेटवत होती. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या वाडीची माणसं. भात-नागली निघाली की खाली येतात. एका म्हातारीनं विचारलं, “बाबा, कशाला गेलते?” मी सांगितलं. ती म्हणाली, “ते पाणी तं आमच्याकडून येतं ना? आमी चैतात झिऱ्यावर रातभर बसतो हंड्यासाठी.” तक्रारीचा सूर नव्हता. तिनं भाकरी थापायला घेतली.

माझ्याकडं उत्तर होतं. धरण सरकारनं बांधलं, पाणीपट्टी मी भरतो, बागेवर कर्ज काढतो, पोरासारखी बाग जपतो. यातलं काहीच खोटं नाही. पण मराठवाड्याचा शेतकरी माझ्याकडं मागतो ते मला लूट वाटते, अन् जिच्या डोंगरावर ते पडलं तिनं कधी मागितलंच नाही, म्हणून तिचा हक्क मी धरलाच नव्हता. न मागणाऱ्याचा हक्क नसतो का? भाऊबंदकीत बांधावरून भांडताना तरी आम्ही असं मानत नाही.

शिवाय त्याच साली मी उक्त्या दरातून एकरी पाचशे तोडले होते. बाजाराचं कारण सांगितलं. कारण खरं होतं. पण वर काम नाही, ही माणसं माघारी जाणार नाहीत, हेही मला पक्कं ठाऊक होतं. पाणी वर थांबलं असतं तर त्यांनी माझा दर ऐकला असता का?

पुढच्या दिवाळीत टोळी आली. मी मुकादमाच्या हातावर तीन एकरांचे मागचे पंधराशे ठेवले. “हे कशाचे?” त्यानं विचारलं. मी सांगितलं अन् म्हातारीची चौकशी केली. ती या वेळी आली नव्हती. गुडघे धरलेत म्हणाला, पाण्याची वाट चढून.