आणखी एक वर्ष



इंग्लंडचा डॅन बर्न लहानपणी न्यूकॅसल क्लबमध्ये फुटबॉल शिकत होता. अकराव्या वर्षी क्लबने त्याला काढून टाकले. किशोरवयात त्याने सुपरमार्केटमध्ये ट्रॉल्या गोळा करण्याचे काम केले. मग डार्लिंग्टन या लहानशा क्लबने त्याला संधी दिली. तिथून एकेक पायरी चढत २०२२ साली तो न्यूकॅसलला परतला. १६ मार्च २०२५ रोजी लीग कपच्या अंतिम सामन्यात साडेसहा फुटांहून उंच अशा या खेळाडूने लिव्हरपूलविरुद्ध डोक्याने पहिला गोल केला. न्यूकॅसलला ७० वर्षांनी देशातील मोठा करंडक मिळाला.

प्रभू येशूच्या दाखल्यातील माळी निष्फळ अंजिरासाठी मालकाकडे आणखी एक वर्ष मागतो. पण तो नुसती मुदत मागत नाही. खणण्याचे, खत घालण्याचे कष्ट स्वतःच्या अंगावर घेतो.

आपल्या घरात, धर्मग्रामात कुणाला आपण ‘कामाचा नाही’ म्हणून तोडले आहे? नापास झालेला मुलगा? दारू सोडू पाहणारा भाऊ? ‘देव त्याचे भले करो’ एवढे म्हणून भागत नाही. या आठवड्यात त्याच्या दारी जाऊ या. प्रभूने आपल्यालाही किती वर्षे वाढवून दिली आहेत!