ताश्कंदने विचारलं नव्हतं

हिवाळ्यात मॉस्कोतला माणूस सकाळी कामाला निघतो, तेव्हा त्याच्या दारापुढची वाट कुणीतरी मोकळी केलेली असते. अंधारात पहारीने बर्फ फोडणाऱ्या या माणसांत मध्य आशियातून आलेले पुष्कळ, आणि त्यांत उझबेकही. जर्दाळू आणि खरबुजांच्या मुलखातली ही माणसं.

घर सोडताना त्यांच्याकडे एक रीत पाळतात. निघणारा तंदुरातल्या गोल रोटीचा एक घास खातो. उरलेली रोटी घरचे जपून ठेवतात. ती त्याने परत येऊन संपवायची असते.

तिकडे पोचल्यावर कामाचा परवाना काढावा लागतो. त्यासाठी 2015पासून रशियन भाषा, इतिहास आणि कायदा यांची परीक्षा आहे. दर महिन्याचे पैसे वेळेत भरले नाहीत, की परवाना गेला. आजोबा सोव्हिएत शाळेत रशियन शिकले होते. 1991नंतर जन्मलेल्या कितीतरी नातवंडांना ती बांधकामावर, मुकादमाच्या ओरड्यातून शिकावी लागते. मुकादमाच्या जिभेला नाव वळत नाही, म्हणून अलीशेरचा अल्योशा होतो आणि तो मुकाट्याने ओ देतो. सुट्टीच्या दिवशी दाटीवाटीच्या खोलीत पुलाव शिजतो. त्याला पिवळी गाजरंच लागतात. ती कुणाला बाजारात मिळाली, तर त्या दिवशी त्याचं कौतुक होतं.

मोठी माणसं हे सोसतात. मला सलतं ते मुलांचं. मार्च 2024मध्ये मॉस्कोजवळच्या क्रोकस सिटी हॉलवर दहशतवादी हल्ला झाला. हल्ला केल्याचा आरोप ताजिकिस्तानच्या नागरिकांवर होता, पण संशयाची नजर मध्य आशियातून आलेल्या सगळ्यांवरच वळली. नियम एकेक करून आवळत गेले. एप्रिल 2025पासून तर परदेशी नागरिकांच्या मुलांना रशियनची चाचणी पार केल्याशिवाय शाळेत प्रवेशच नाही. सहा-सात वर्षांचं पोर ती भाषा शाळेत नाही, तर कुठे शिकणार? आई दिवसभर कुणाची तरी फरशी पुसत असते.

याच रशियातली मुलं कधीकाळी आगगाडीने ताश्कंदला उतरली होती. दुसऱ्या महायुद्धात हिटलरचं सैन्य पुढे सरकू लागलं, तेव्हा रशिया, युक्रेन, बेलारूसमधल्या हजारो पोरांना, त्यांत कितीतरी अनाथ, उझबेक मुलखात हलवलं गेलं. घरोघरी टंचाई होती. तरीही ताश्कंदचे लोहार शाअहमद शोमाहमुदोव आणि त्यांची पत्नी बाहरी यांनी डझनाहून अधिक मुलं पोटच्यासारखी वाढवली. त्या कुटुंबाचं शिल्प ताश्कंदमध्ये उभं आहे. त्या पोरांना उझबेक येतं का, हे या जोडप्याने दारात विचारलं नव्हतं.

मॉस्कोतल्या शाळांनी चाचणी खुशाल घ्यावी. पण आधी मुलाला वर्गात बसवावं, वर्षभर शिकवावं, आणि मग घ्यावी.