मत आणि बहुमत

‘मत’ हा शब्द मराठीत दुहेरी वापरला जातो. विचारान्ती बनलेला अभिप्राय हे मत, आणि मतपेटीत पडते तेही मत. पहिले तपासता येते, खोडून काढता येते. दुसरे केवळ मोजता येते. ‘बहुमत’ म्हणताना आपण दुसऱ्याची मोजणी करतो आणि प्रतिष्ठा मात्र पहिल्याची बहाल करतो. लोकसत्तेवर संस्थात्मक मर्यादा असाव्यात काय, या वादातील बराचसा गोंधळ या सरमिसळीतून उद्भवतो.

न्यायाधीशाचे मत तर दोन्ही अर्थांनी मत असते. केशवानंद भारती खटल्यात (१९७३) सर्वोच्च न्यायालयाने संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला ‘मूलभूत चौकटी’ची मर्यादा घातली. अनुच्छेद ३६८ च्या संहितेत हा शब्दप्रयोग नाही. तो अर्थनिर्णयनातून सिद्ध झाला, आणि तोही ७ विरुद्ध ६ अशा मतांनी. बहुमताला लगाम घालणारे तत्त्व एका मताच्या आधिक्याने प्रस्थापित व्हावे, या विसंगतीवर टीकाकार बोट ठेवतात ते रास्तच आहे. त्यातील निर्णायक मत न्या. हंसराज खन्ना यांचे मानले जाते. एप्रिल १९७६ मध्ये, आणीबाणीतील स्थानबद्धांना न्यायालयाकडे दाद मागता येईल काय, या प्रश्नावर चौघा न्यायाधीशांनी नकारार्थी कौल दिला. खन्ना एकटे पडले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानेच तो बहुमताचा निर्णय मोडीत काढला. मोजणीत हरलेले मत अभिप्राय म्हणून टिकले, ते सकारण लिहिले गेले होते म्हणून. मतपेटीत हरलेल्या मताला ही सोय नसते.

तेव्हा न्यायाधीश शहाणे आणि लोक अविचारी, हा युक्तिवाद येथे उपयोगाचा नाही. डॉ. आंबेडकरांनी १९५५ मध्ये भाषावार राज्यांचा विचार करताना राजकीय आणि जातीय बहुमत असा भेद केला होता. (भाषिक राज्याच्या उत्साहात आपण तो पुरेशा गांभीर्याने घेतला नाही.) राजकीय बहुमत घडते, बदलते, त्यात कोणासही प्रवेश असतो, जातीय बहुमत जन्मानेच ठरलेले, बंदिस्त. आजचे अल्पमत उद्या बहुमत होऊ शकत असेल, तरच मोजणीचा निकाल हरलेल्यावर नैतिकदृष्ट्या बंधनकारक ठरतो. मर्यादेचे समर्थन ही शक्यता खुली ठेवण्यात आहे.

या निकषावर १९७६ च्या निर्णयाचा दोष केवळ कायदेशीर उरत नाही. स्थानबद्धांत विरोधी पक्षांचे नेते आणि कार्यकर्ते होते. न्यायालयाने त्यांना दार बंद केले तेव्हा अल्पमताला बहुमत होण्याची वाटही रोखली गेली. ती मोकळी झाली, ती न्यायालयामुळे नव्हे, मार्च १९७७ च्या मतदानाने.