खचलेल्या मनाला श्वासाचा आधार

घरातला एखादा माणूस महिनोन्महिने उदास असतो. झोप उडते, अन्नावर वासना राहत नाही, कोणाशी बोलावेसे वाटत नाही. अशा वेळी पूर्वी आपले लोक काय म्हणत? कुणाची नजर लागली, बाहेरचे झाले, मागच्या जन्मीचे भोग आहेत. मग भगत, अंगारा, गंडा-दोरा, कोंबडे. धम्मदीक्षेनंतर आपण हे सारे टाकले. पण त्याच्या जागी आता एक नवे वाक्य ऐकू येते : “ध्यान कर, सगळे ठीक होईल.” हे वाक्य वरकरणी धम्माचे वाटते. ते खरोखर धम्माचे आहे काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम हे स्पष्ट असावे की नैराश्य हा आजार आहे. चार दिवसांची उदासी निराळी आणि दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ दिवसभर मन काळवंडून राहणे निराळे. तो आळस नव्हे, दुबळेपणा नव्हे आणि श्रद्धा कमी पडल्याची खूण तर नव्हेच. टायफॉईड झालेल्या माणसाला “मन घट्ट कर” असे सांगून आपण घरी बसवीत नाही.

मग श्वासाचा, ध्यानाचा काहीच उपयोग नाही काय? निश्चित आहे. चिंतेने ग्रासलेल्या माणसाचे खांदे आखडतात, जबडा आवळला जातो, श्वास वरच्यावर चालतो. आणि आखडलेले शरीर मनाची अस्वस्थता आणखी वाढवते. हे चक्र शरीराच्या बाजूनेही सैल करता येते. एडमंड जेकबसन या अमेरिकन वैद्याने १९२९ साली याच विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची रीत साधी आहे. एकेक स्नायू घ्यावा, त्यातील ताण ओळखावा आणि तो सोडून द्यावा. मूठ काही क्षण आवळून सैल सोडली की हा फरक कोणालाही कळतो. श्वास सावकाश सोडला की हृदयाचे ठोकेही मंदावतात. यात मंत्र नाही, चमत्कार नाही.

तथागतांनी सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना आणि चित्त यांकडे सजगतेने पाहावयास सांगितले आहे. सीगल, विल्यम्स आणि टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी सजगतेच्या याच अभ्यासाचा आधार घेऊन, पुन:पुन्हा नैराश्य येणाऱ्या लोकांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम तयार केला व २००२ साली तो ग्रंथरूपाने मांडला. “मी कुचकामी आहे” असे मनात आले की ते सत्य नव्हे, तो केवळ एक विचार आहे, हे ओळखावयास तेथे शिकवितात.

पण मर्यादाही सांगितली पाहिजे. नैराश्यावर शरीर-शिथिलीकरणाच्या १५ चाचण्यांचा आढावा कोक्रेन या संस्थेच्या संशोधकांनी २००८ साली घेतला. काहीच न करण्यापेक्षा शिथिलीकरणाने बरे वाटते, परंतु तज्ज्ञाने केलेल्या मानसोपचाराइतका गुण त्याने येत नाही, असे त्यांना आढळले. काठी चालावयास मदत करते. मोडलेले हाड काठीने जुळत नाही.

आणि कोणतेही ध्यान कोणासही चालते काय? विनयपिटकात वेसालीची हकीकत आहे. तथागत एकांतात असताना अनेक भिक्खू शरीराच्या अशुभतेचे ध्यान करीत राहिले. त्यांना स्वत:च्या देहाची इतकी किळस आली की कित्येकांच्या जीवनाचा अंत झाला. एकांतातून परतल्यावर तथागतांनी संघ का रोडावला, असे आनंदाला विचारले. कारण कळताच त्यांनी भिक्खूंना श्रद्धेत कमी पडल्याचा दोष दिला नाही. त्यांनी भिक्खूंना एकत्र बोलाविले आणि आनापानसती, म्हणजे श्वासाची सजगता, शिकविली. साधन माणसासाठी असते, माणूस साधनासाठी नसतो. आजही विपश्यना शिबिराच्या प्रवेश-अर्जात मानसिक आजाराची माहिती विचारतात, ती याच सावधगिरीने. म्हणून फार खचलेल्या माणसाला आठ-दहा दिवसांच्या मौनात परस्पर धाडू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. “ध्यान कर” असे सांगून आपण त्या माणसाला आधार देतो की आपली जबाबदारी झटकतो? अतिसाराने लोळणाऱ्या एका भिक्खूकडे कोणी पाहत नव्हते, तेव्हा तथागतांनी त्याला उपदेश केला नाही. आनंदासह त्यांनी त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. आणि ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असे संघाला सांगितले. शुश्रूषा आधी, उपदेश मागाहून, हा धम्माचा क्रम आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पुष्कळ माणसे आतून खचतात, कारण बाहेर त्यांना खचविले जाते. नोकरीतला अपमान, वसतिगृहातली जातीची कुजबुज, सुनेला घरात मिळणारी वागणूक, डोक्यावरचे कर्ज. मागच्या जन्मीच्या कर्माने आजचे दु:ख येते ही शिकवण बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नाकारली. कारण तिने गरिबांच्या हालाची जबाबदारी समाजावरून निघून जाते. “तुझे मन शांत नाही म्हणून तू दु:खी आहेस” असे म्हणून आपण तीच शिकवण मागच्या दाराने घरात घेत नाही ना? श्वास अपमान गिळण्यासाठी नाही. आज उठून बसण्याचे आणि उद्या उभे राहण्याचे बळ यावे, यासाठी तो आहे.

तेव्हा घरात असा कोणी असेल तर त्याला एकटे सोडू नका. त्याचे म्हणणे मध्ये न बोलता ऐका. जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञाकडे स्वत: सोबत जा; किंवा केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला घ्या. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा तो बोलत असेल तर एक दिवसही थांबू नका. सुरू केलेले औषध “आता ध्यान करतो” म्हणून परस्पर बंद करू नका. आणि संध्याकाळी वंदना झाल्यावर दहा मिनिटे त्याच्यासह सर्वांनी शांत बसा, श्वास येताना-जाताना पाहा. त्याला जमले नाही तर न जमो. आपण शेजारी बसलेलो असावे.